हिरवं बूच

मी विषबाधा जाहीर केली, तेव्हा विषबाधा झालेली मुलगी सेवउसळीची दुसरी प्लेट मागत होती.

मी जाहीर केली असं म्हणणं जरा फुशारकीचंच आहे. मी पॅथॉलॉजी लॅबचा टेक्निशियन. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्त काढायचं, ते धड लॅबमध्ये पोचवायचं, यंत्रात घालायचं आणि आलेला आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच माझं काम. पण त्या दिवशीचा आकडा अगदी माझा स्वतःचा होता. मृणाल तेव्हा कॉलेजात होती. ती लिथियमची गोळी घ्यायची, तिच्या रक्तातलं लिथियम मोजायचं होतं. आकडा बघून आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. साहेबांचा फोन डॉक्टरांना गेला, डॉक्टरांचा मृणालच्या वडिलांना गेला आणि वडील बडोद्यातल्या लहरीपुऱ्याच्या गर्दीत स्कूटर घालून मुलीला शोधत सुटले. ती मैत्रिणींबरोबर एका गाडीवर सापडली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि गाडीवाल्याला सांगत होती, "काका, तरी जरा वधारे नाखजो." तर्री जरा जास्त घाला.

तिथून तिला उचलून दवाखान्यात नेलं. डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढे कर म्हणाले, सरळ रेषेत चालून दाखव म्हणाले. सगळं ठीक. शेवटी तिच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी मला फोनवर बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "जगतापभाई, ट्यूबचं बूच कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं," मी म्हणालो.

पलीकडे बाईंनी कुणालातरी सांगितलं, मुलीला घरी न्या.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्या पिशवीत नाना रंगांच्या बुचांच्या नळ्या असतात आणि ते रंग शोभेचे नसतात. प्रत्येक नळीत आधीपासून काहीतरी घातलेलं असतं, किंवा मुद्दाम घातलेलं नसतं. जांभळ्या बुचाची एका तपासणीला, करडी साखरेला, लाल साध्या गोठणाऱ्या रक्ताला. हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, आणि आमच्याकडच्या हिरव्या नळीतलं ते औषध म्हणजे लिथियमचाच एक क्षार होता. त्या दिवशी लाल नळ्या संपल्या होत्या. मी म्हटलं, रक्त ते रक्त, बुचाच्या रंगाने काय होतंय? म्हणजे आमटीत मीठ किती आहे हे चाखायला निघालो आणि चमचा आधी मिठाच्या बरणीत बुडवून घेतला.

मृणालच्या वडिलांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही, हे त्यांचं मोठेपण. साहेबांनी मात्र भरपाई केली. आणि मृणालने मला तेव्हापासून जे नाव ठेवलं ते आजतागायत चालू आहे. तिच्या घरी बेल वाजवली की आतून विचारणा होते, "कोण, हिरवं बूच काका?"

आमच्या घराण्याला हे शोभत नाही. आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते. दिवाणखान्यात त्यांची तलवार टांगलेली आहे, तिला गंज लागू नये म्हणून दसऱ्याला तेल लावायचं काम माझ्याकडे. रक्त काढायचा धंदा तेवढा पिढीजात राहिला. ते शत्रूचं काढायचे, मी गिऱ्हाइकाचं काढतो आणि वर कापूस देतो. त्यांच्या शत्रूंपैकी कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. माझी गिऱ्हाइकं करतात. एक निवृत्त शिक्षक होते, ते सुई टोचताना डोळे मिटून मोठ्याने पाढे म्हणायचे. शीर एका टोचण्यात मिळाली तर सतराचा पाढा पुरा व्हायचा. माझ्या हातून दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा सतरा एके सतरापासून सुरुवात करायचे. तेवढी शिक्षा मला पुरे व्हायची.

पण या कामात एक चांगली गोष्ट आहे. रक्त काढून झालं की माणसाने कोपराच्या खोबणीत कापूस दाबून धरायचा असतो. मला नळीवर नाव घालायचं असतं. तेवढा वेळ दोघांनाही दुसरं काही करता येत नाही, मग माणूस बोलतो. जे घरात कुणाला सांगितलेलं नसतं तेही कापूस दाबून धरलेला माणूस सांगून जातो. मृणालचा आजार मला कळला तो असा, दर तीन-चार महिन्यांनी थोडा थोडा, कापसाच्या वेळात.

सुरुवातीला मी अगदीच कोरा होतो. लिथियम म्हटल्यावर मला मोबाईलची बॅटरी आठवली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी एकदा विचारलंदेखील, "काय मृणाल, चार्जिंग किती?" घरी येऊन हा विनोद मी बायकोला सांगितला, तर नंदाने माझ्याकडे असं बघितलं की मी जेवण आवरतं घेतलं. मृणालने मात्र तो विनोद माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला. म्हणाली, काका, लोकांना वाटतं की हा मूडचा आजार. मूड सकाळी बिघडतो, दुपारी चहा मिळाला की सुधारतो. माझं तसं नसतं. माझं एकदा चढलं की कित्येक आठवडे चढत जातं आणि उतरलं की महिनोन् महिने वर येत नाही.

चढलं होतं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, नवरात्रात. बडोद्यात नवरात्रात कोण झोपतं? त्यामुळे ती झोपत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गरबा संपून आठवडा झाला तरी तिचा संपला नव्हता. झोप नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही. बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. एका पहाटे ती खंडेराव मार्केटमध्ये गेली आणि एका बाईची अख्खी केळ्यांची गाडी घेतली. मग रस्त्यात दिसेल त्याला केळं देऊन सांगायला लागली, की या शहरातल्या सगळ्या भिंती ती रंगवणार आहे आणि त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. "त्या वेळी इतकं खरं वाटत होतं काका," ती म्हणाली. "वाईट याचं वाटतं, की मला तसा आनंद पुन्हा कधी झाला नाही. आणि तो आनंद नव्हताच."

त्यानंतर उतरलं. ते सांगताना ती फार बोलली नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचं अंतर तेवढंच होतं, पण ते तिला झेपत नव्हतं. आई तिचे केस विंचरून द्यायची आणि विंचरताना बडबड करायची, कारण गप्प बसली तर रडू येईल अशी तिला भीती वाटायची.

मग डॉक्टरबाई भेटल्या, गोळ्या सुरू झाल्या. त्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या, बरं वाटतं ते त्यामुळेच म्हणून घ्यायच्या. लिथियम हे औषध चांगलं, पण त्याची वाट अरुंद. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषासारखं. म्हणून मधून मधून रक्त बघायचं. तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आत. तिथे मी येतो.

मृणालचं पुढे छान झालं. शिक्षण पुरं केलं, फरसाणाच्या एका कंपनीत पाकिटांवरची चित्रं काढायच्या कामाला लागली. समीरशी लग्न ठरलं तेव्हा तिने त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, केळ्यांच्या गाडीसकट. तो सरळ माणूस आहे, मकरपुऱ्याला कारखान्यात असतो. त्याने फक्त विचारलं, मला कसं कळणार? तर तिने त्याला खूण सांगून ठेवली. "मी पहाटे उठून स्वयंपाकघरातले डबे फडताळात नव्याने लावायला लागले की समज." त्यांच्यात आता तो शब्दच झालाय. मधे एकदा तो म्हणाला, "मृणाल, डबे हललेत," आणि ती चिडली, भांडली, पण त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे गेली. गरब्याला अजूनही जाते. मैदान ऐन रंगात असताना चपला घालते आणि घरी येऊन झोपते. मैत्रिणी हसतात. ती म्हणते, हसू देत, मी त्यांचा गरबा बघायला जाते आणि माझा घरी घेऊन येते.

तिची एकच तक्रार होती. ती मला पूर्वी नीट कळली नव्हती. ती म्हणायची, "काका, मला राग आला की घरचे आधी गोळ्यांचा डबा बघतात. जोरात हसले तरी डबा बघतात. परवा ऑफिसात माझं चित्र चोरलं म्हणून भांडले, तर आई फोनवर म्हणते, झोप होते ना गं नीट? माझा राग नुसता राग कधी असणारच नाही का?"

मी म्हटलं, "माझंही तसंच आहे. कुणाचाही रिपोर्ट चुकला की साहेब आधी माझ्या पिशवीकडे बघतात."

ती खूप हसली. "म्हणजे आपण दोघं एकाच बुचाचे."

तेव्हा ते मी गमतीत म्हटलं होतं.

आता खरी गोष्ट. आषाढातली, फार जुनी नाही. बडोद्यात आषाढात लहान मुलींचं मोळाकत असतं. गौरीव्रत. मोळं म्हणजे अळणी. पाच दिवस मुलींनी मीठ खायचं नाही, कुंडीत गव्हाचे जवारे पेरायचे, नटूनथटून गोरमाची, म्हणजे गौरीची, पूजा करायची आणि शेवटच्या रात्री जागायचं. हे व्रत गुजराती, पण ज्या सोसायटीत सगळ्या मैत्रिणी नव्या चनियाचोळीत हिंडतात तिथे मराठी मुलगी घरात कशी बसेल? नंदानेही लहानपणी केलं होतं. वासणा भागातल्या मृणालच्या सोसायटीत तर मोळाकतची जत्राच असते. तिची मुलगी सई आठ वर्षांची. तिने त्या वर्षी पहिल्यांदा धरलं.

व्रताच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी मृणालच्या नेहमीच्या तपासणीला गेलो. दार सईने उघडलं. डोक्याला गजरा, हातात बांगड्या, आणि चेहऱ्यावर पाच दिवसांचं अळणी तेज. मृणाल भिंतीला हात लावत आतून आली. "जरा चक्कर येते काका, पोटही बिघडलंय. उकाडा किती आहे." उकाडा होताच, पाऊस नुसता आव आणून बसला होता. हात पुढे केला तर बोटं थरथरत होती. मी म्हटलं, अशक्तपणा असेल, काहीतरी खा. मी हुशार माणूस असल्यामुळे शीर शोधण्यात गुंतलो होतो. शीर मात्र एका टोचण्यात मिळाली, त्याचा मला आनंद झाला.

दुपारी आकडा आला. असावा त्याच्या दुपटीच्या आसपास.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जगताप, ट्यूब जोई?" ट्यूब बघितलीस का? आवाजात राग नव्हता, जुनी ओळख होती.

नियम असा, की असा आकडा आला की आधी डॉक्टरांना कळवायचं. पण मृणाल घरची. मी आधी तिलाच फोन लावला. आकडा सांगितला. ती हसली.

"काका, परत हिरवं बूच?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "असेल बुवा. म्हातारपण. उद्या सकाळी येऊन परत काढतो."

"चालेल," ती म्हणाली. शब्द जड येत होते, एकमेकांना चिकटल्यासारखे. मला वाटलं, नेटवर्क.

फोन ठेवल्यावर मला खरोखर हलकं वाटलं. चूक माझी म्हणजे मृणाल बरी. चूक अंगावर घेण्यात एक सुख असतं, त्यात पुढे काही करावं लागत नाही. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश, आपणही नम्र ठरतो. मी चहा मागवला. आणि चहा येईपर्यंत, सहज, सकाळची नळी स्टँडमध्ये होती ती उचलली.

बूच लाल होतं.

मी ती नळी खिडकीशी नेली. उजेडात धरली. चिठ्ठीवरचं नाव वाचलं, माझंच अक्षर. लाल रंग याहून लाल होऊ शकत नाही. मग एकेक गोष्ट मागून यायला लागली. भिंतीला लावलेला हात. थरथरती बोटं. फोनवरचे ते जड शब्द. नेटवर्क असलं तर शब्द तुटतात, जड कशाला होतील?

डॉक्टरबाई ओपीडीत होत्या, तरी फोनवर आल्या. मी सांगितलं आणि वर स्वतःहून म्हणालो, "बाई, बूच लाल आहे." त्या म्हणाल्या, परत रक्त काढायचं ते इथे काढू, तिला आत्ता घेऊन या, रात्रीची गोळी द्यायची नाही. उलट्या होतायत का, कुठली दुखण्याची गोळी घेतली का, खाणंपिणं बदललं का, विचारा. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी मृणालला परत फोन लावला. या वेळी ती हसली नाही.

"काका, तुम्हीच म्हणालात ना बूच चुकलं म्हणून? आज सईचं जागरण आहे. उद्या जाईन."

"आज."

"आज मी दवाखान्यात गेले की काय होईल माहितीये?" ती सावकाश, शब्द शोधत बोलत होती. "आई म्हणेल परत सुरू झालं. समीरकडचे म्हणतील परत सुरू झालं. माझ्या पोरीच्या पहिल्या व्रताला. मी आता बरी आहे काका. मी गोळी एकदाही चुकवलेली नाही."

तिला काय वाटत होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपलं काही चुकलंय असं कुणी म्हटलं की ते खरं असणारच, इतकी वर्षं तिला तेच शिकवलं गेलं होतं. आणि मी? मीही त्याच शाळेतला. फक्त मला तिथे गंमत वाटत होती.

"मृणाल," मी म्हटलं, "ऐक. बूच लाल आहे. या वेळी माझी चूक नाही."

हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं असावं. शेजारच्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली.

मृणाल म्हणाली, "मग कुणाची?"

"कुणाचीच नसेल. डॉक्टरबाई विचारतायत, खाण्यात काही बदल झाला का?"

"नाही हो. सईबरोबर मोळाकतचंच खातेय, भाकरी, दूध, तिला एकटीला अळणी गिळवत नाही म्हणून मीपण..."



मला अजून काही उमगलं नव्हतं. तिला उमगलं. "काका," ती म्हणाली, "मी मीठ खाल्लेलं नाही. बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मीठ एकदम तोडायचं नाही. मला वाटलं ते डाएटवाल्यांना सांगतात. व्रत माझं कुठे होतं? सईचं होतं."

डॉक्टरबाईंनी नंतर मला ते समजावलं. शरीराला लिथियम आणि मीठ यांतला फरक फारसा कळत नाही. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड घाबरतं आणि मिळेल ते धरून ठेवायला लागतं, मिठासारखं दिसणारं लिथियमही धरून ठेवतं. वर उकाड्याचा घाम, वर पोट बिघडलेलं. गोळी तीच, नेमाने घेतलेली, आणि रक्तात मात्र साठत गेलेली.

समीर मकरपुऱ्याहून निघाला, पण त्याला वेळ लागणार होता. मी स्कूटर लॅबमध्येच सोडली, रिक्षा केली आणि वाटेत नंदाला उचललं. मला एकट्याला बाई माणसाला जिना उतरवता येणार नाही आणि नंदाला येतं, असं नंदाचं मत. ते बरोबर निघालं. मृणालचे पाय पायरी शोधत होते. नंदा तिच्या कमरेला हात घालून एकेक पायरी उतरत होती आणि सबंध वेळ आपल्या भाचीच्या लग्नातल्या साडीबद्दल बोलत होती. खाली सोसायटीच्या मुली ताटं घेऊन देवळात निघालेल्या. रिक्षावाला म्हणाला, "बेनने शुं थयुं?" बाईंना काय झालं? मी काय सांगावं याचा विचार करतोय तोवर मृणालच म्हणाली, "मीठुं ओछुं पड्युं, भाई." मीठ कमी पडलं. तो बिचारा बुचकळ्यात पडला, पण रिक्षा जोरात हाकली.

दवाखान्यात सलाइन लावलं. सलाइन म्हणजे तरी काय, मिठाचंच पाणी. डॉक्टरबाई तिच्याजवळ बसल्या आणि समीर आल्यावर त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, हा तिचा आजार उलटलेला नाही. औषध साठलंय, ते उतरेल. अजून दोन दिवस गेले असते तर मला एवढ्या शांतपणे बोलता आलं नसतं. मृणालने डोळे मिटले. सुटल्यासारखे.

सईला आमच्याकडे आणलं. जागरण मोडायचं नाही यावर ती ठाम होती, पण संध्याकाळी जवाऱ्याची कुंडी मांडीवर घेऊन बसली आणि नंदाला विचारलं, "आजी, माझ्या मोळाकतमुळे आई आजारी पडली?"

मी घाईघाईने नाही नाही म्हणायला निघालो होतो. नंदाने मला हाताने थांबवलं.

"व्रत तुझं होतं. ते तू नीट केलंस," ती म्हणाली. "आईने तिचं जेवण जेवायला हवं होतं. तिला तुझी सोबत करायची होती, म्हणून विसरली. ताप येतो तसा आईला एक आजार आहे, फक्त तो जाऊन येऊन असतो. त्याची गोळी आहे, आणि त्या गोळीला मीठ लागतं. एवढंच लक्षात ठेव."

सईने ते लक्षात ठेवलं. ती आणि नंदा पत्ते खेळत बसल्या. जागरणाला मदत म्हणून मीही बसलो होतो आणि सर्वांत आधी झोपलो, असं म्हणतात.

आकडा उतरला. मृणाल दोन दिवसांनी घरी गेली. नातेवाइकांत अर्थातच चर्चा झाली, की असली विषारी गोळी हवीच कशाला, बंद करून टाका, योग करा. समीर गोंधळला होता. मृणालने डॉक्टरबाईंशी बोलून गोळी परत सुरू केली, आधीपेक्षा थोडी कमी. मला म्हणाली, "काका, रस्ता अरुंद आहे म्हणून कुणी घरी जायचं सोडतं का?" एक गोष्ट मला अजून टोचते. त्या सकाळी तिची बोटं मी माझ्या हातात धरली होती. ती थरथरत होती आणि मी शीर बघत होतो. आता मी आधी माणसाला बघतो, मग शीर. त्यामुळे शीर सापडायला थोडा वेळ लागतो. पाढेवाले मास्तर असते तर सतराच्या पाढ्याचं कठीण होतं.

या आषाढात सईने परत मोळाकत धरलं. डॉक्टरबाईंनी मृणालला मुद्दाम व्रताच्या मधल्या दिवशी रक्त द्यायला सांगितलं होतं. मी गेलो. सईने दार उघडलं आणि माझी पिशवी स्वतः तपासली. "लाल आहे," तिने आत ओरडून कळवलं. रक्त काढून झालं. मृणाल कापूस दाबून बसली. समीरने पोहे आणून ठेवले. सईने मिठाची वाटी घेतली आणि चमच्याने आईच्या पोह्यांवर मीठ भुरभुरवलं. अगदी लक्ष देऊन, सगळीकडे सारखं.

मी म्हटलं, "अगं, व्रतात मिठाला हात लावतात का?"

"हात कुठे लावला? चमचा लावला," ती म्हणाली. "आणि मी गोरमाला विचारलंय."

मृणालने पोह्यांचा घास घेतला. म्हणाली, "खारट झालंय." आणि खात राहिली.

आकडा उत्तम आला.

दुपारी घरी जेवताना मी हे सगळं नंदाला सांगितलं. मला रक्तदाब आहे, त्यामुळे आमच्या घरी लोणच्याची बरणी माझ्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असते. मी ताटातल्या फिक्या आमटीकडे बघत म्हणालो, "बघ, ती एवढीशी पोर. स्वतः अळणी खाते आणि आईच्या ताटात आपल्या हाताने मीठ वाढते. नाहीतर आमच्या घरी."

नंदाने मला भात वाढला. मग उठून फडताळातून माझा गोळ्यांचा डबा आणला आणि ताटाशेजारी उघडा करून ठेवला. आजच्या खणात सकाळची गोळी तशीच होती.

"तिची आई गोळी चुकवत नाही," ती म्हणाली. "ही घ्या. मग मिठाचं बोलू."